नदीचा नमुना

राजमाचीच्या डोंगरातून उतरून उल्हास नदी कर्जतच्या मैदानात येते, तोवर तिला एकही मोठा कारखाना भेटलेला नसतो. स्टेशनाला लागून असलेलं भिसेगाव, शिवाय दहिवली, मुद्रे, गुंडगे, आकुर्ले अशी कर्जत नगरपरिषदेची वस्ती तिच्या आसऱ्यानं वाढली. शेजारच्या खालापूर तालुक्यातल्या पाताळगंगेला मात्र घाट उतरताच खोपोलीचे कारखाने लागतात आणि पुढे रसायनी. एकीच्या काठी भात, दुसरीच्या काठी रसायनं, पण दोघींवर लक्ष ठेवायचं काम एकाच संस्थेकडे आहे: महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ.

या मंडळाचा जन्म 7 सप्टेंबर 1970 चा. जलप्रदूषणाचा केंद्रीय कायदा 1974 साली आला, महाराष्ट्रानं स्वतःचा कायदा 1969 सालीच केला होता. पाणी नासतंय हे राज्याला इतक्या आधी कळलं होतं, याचा अभिमान वाटावा असाच तो निर्णय होता.

मंडळाच्या कामाचा कणा म्हणजे पाण्याचा नमुना. नदीकाठी पहिल्यांदा मोजायचा असतो तो पाण्यात विरघळलेला प्राणवायू. हे पाणी तसंच बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेलं तर वाटेतच प्राणवायूचं प्रमाण बदलतं. म्हणून 300 मिलीलिटरची काचेची बाटली बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरतात आणि मँगनीज सल्फेट व अल्कली आयोडाइड टाकून प्राणवायू जागच्या जागी बांधून ठेवतात. तळाशी तपकिरी साका बसला तर पाण्यात प्राणवायू आहे. साका पांढराच राहिला तर तो संपलेला आहे, तिथे मासा जगणार नाही. पुढे आम्ल घालून थायोसल्फेटचं टायट्रेशन होतं, स्टार्चचा निळा रंग गेला की आकडा हाती येतो. दुसरा नमुना 27 अंश तापमानात, अंधारात तीन दिवस ठेवतात. पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंनी या तीन दिवसांत किती प्राणवायू खाल्ला, तो आकडा म्हणजे बीओडी.

आंघोळीच्या पाण्यात बीओडी लिटरला 3 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा, असा निकष आहे. कारखान्यानं प्रक्रिया करून नदीत सोडलेल्या सांडपाण्याला सर्वसाधारण मर्यादा आहे 30 ची. म्हणजे नियम पाळणाऱ्या कारखान्याचं पाणीसुद्धा नदीच्या निकषाच्या दहापट घाण असू शकतं. ते सौम्य करायला नदीत पुरेसं वाहतं पाणी लागतं, आणि हे गृहीत धरूनच मर्यादा ठरलेली आहे. मे महिन्यात कोकणातल्या नद्या कोरड्या पडत असताना पाताळगंगा वाहते, कारण टाटांच्या खोपोली वीजकेंद्राचं पाणी 1915 पासून तिच्यात उतरतं. कर्जतकडे 1922 च्या भिवपुरी केंद्राचं पाणी पेज नदीला मिळतं. घाटमाथ्यावरच्या धरणांत अडवून पूर्वेऐवजी पश्चिमेला वळवलेलं हे पाणी वीज करून झाल्यावर आपल्या नद्यांची घाणही सौम्य करतं. या उपकाराची नोंद मंडळ कारखान्यांना देतं त्या संमतिपत्रात नसते.

कारखान्यातून कायदेशीर नमुना घ्यायचा तर पद्धत कडक आहे. 1974 च्या केंद्रीय कायद्याच्या 21व्या कलमाप्रमाणे मालकाला नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही बाटल्यांवर मोहोर आणि सह्या. यात एक पायरी चुकली तर कोर्टात अहवाल टिकत नाही. मर्यादा मोडणाऱ्याला 33-अ कलमाखाली कारखाना बंद करण्याचा, वीज-पाणी तोडण्याचा आदेश देता येतो. 2014 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं अतिप्रदूषणकारी 17 प्रकारच्या उद्योगांना सांडपाण्याच्या तोंडाशी अखंड मोजणारी यंत्रं बसवायला सांगितलं. उलट, नदीकाठापासून किती अंतरात कोणता उद्योग नको हे ठरवणारं राज्याचं धोरण 2015 साली रद्द झालं. ती मोठी चूक होती, असं माझं स्पष्ट मत आहे. यंत्र बिघडू शकतं, अंतर बिघडत नाही.

पाताळगंगेवर मंडळाची नमुने घेण्याची ठिकाणं ओळीनं आहेत: खोपोलीचं गगनगिरी महाराजांचं मंदिर, सावरोली पूल, खालापूरचं पंपिंग स्टेशन, व्याल, तुराडे आणि शेवटी खारपाडा. कुठे बिघडलं ते यामुळे सापडतं. उल्हासची यादी वाचावी तर नावं येतात बदलापूर, जांभूळ, मोहने. ही सगळी ठाणे जिल्ह्यातली, जिथे शहरं तिचं पाणी उचलतात. केंद्रीय मंडळानं 2018 साली देशातले 351 प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यात महाराष्ट्राचे सर्वांत जास्त, 53. पाताळगंगा त्यात होती आणि उल्हासचा मोहने ते बदलापूर हा पट्टाही होता.

कर्जतला कारखान्यांची धुराडी नाहीत, म्हणून इथली नदी स्वच्छ असं मानलं जातं. पण बीओडी वाढवायला रसायनच लागतं असं नाही. गटारं, फार्महाऊसांच्या सेप्टिक टाक्या, पुलावरून टाकलेला कचरा यांनीही तो वाढतो. गटारावर मोहोरबंद बाटली घेऊन कोणी सहसा जात नाही. त्यातून कर्जत ज्यात येतं त्या रायगड जिल्ह्याचं मंडळाचं प्रादेशिक कार्यालय बेलापूरला, बदलापूरच्या पुढचं कल्याणला. न्यूझीलंडनं 1989 साली प्रादेशिक परिषदा आखताना बहुतेक सीमा नद्यांच्या खोऱ्यांवरून काढल्या. आपल्याकडे उल्हास जिल्ह्याची हद्द ओलांडते आणि साहेब बदलतात.

कर्जतच्या वर एक आणि शहर ओलांडल्यावर एक, असे दोन नमुने दर महिन्याला घ्यावेत. प्राणवायू आणि बीओडीचे आकडे नगरपरिषदेच्या फलकावर मराठीत लावावेत आणि त्याच दिवशी कल्याणच्या कार्यालयालाही कळवावेत. बदलापूरला पोचणाऱ्या घाणीत भिसेगाव-दहिवलीचा वाटा किती, हे मग दोन्ही जिल्ह्यांना एकाच कागदावर दिसेल आणि सांडपाणी प्रकल्पाचा पैसा मागायला कर्जतच्या हाती पुरावा येईल.