लेखांक ७ : ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कोणाकडे?

चंद्रपूरहून मोहर्लीकडे निघालं की पहिले काही किलोमीटर जंगल दिसतच नाही. दुर्गापूर, पदमापूर, खाणींतून उपसलेल्या मातीचे डोंगर, मागे महाऔष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या. रस्त्याकडेच्या सागाची रुंद पानं धुळीनं काळपट झालेली. मग आगरझरी येते, हवा बदलते आणि ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या मोहर्ली गेटवर जिप्सींची रांग दिसते. गावाला लागून पसरलेलं पाणी इरई धरणाचं, आणि तेच पाणी त्या वीज केंद्राला जातं. कोळसा, वीज, पाणी आणि वाघ असे एकमेकांना खेटून असले, की निर्णय कोण घेतं हा प्रश्न रोजच्या जगण्याचा होतो.

मागच्या लेखांकात निवडणुकीतला पैसा पाहिला. कंपन्यांच्या देणग्यांवरची साडेसात टक्क्यांची मर्यादा २०१७ मध्ये उठली, आणि १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले. ती दिल्लीतली लढाई. आज तिचं गावातलं टोक.

ताडोबाजवळच्या लोहाऱ्याच्या जंगलात अदानी समूहाची कोळसा खाण येणार होती. २००९ मध्ये चंद्रपूरकर रस्त्यावर उतरले, ‘इको-प्रो’ संस्थेचे बंडू धोतरे उपोषणाला बसले, जयराम रमेश यांच्या पर्यावरण मंत्रालयाने लक्ष घातलं आणि खाण झाली नाही. या विजयाचं मोल मी कमी करणार नाही. पण नकार दिला तो मंत्रालयाने. तिथं दुसऱ्या विचाराचा माणूस असता, तर इथल्या माणसांच्या हाती उपोषणाखेरीज काय होतं?

याचं उत्तर शेजारच्या गडचिरोलीत, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावात सापडतं. तिथला बांबू वर्षानुवर्षं बल्लारपूरच्या कागद कारखान्यासाठी तोडला जाई. गावाने वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०९ हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला, तरी बांबू विकता येईना. १९२७ च्या वन कायद्यात बांबू ‘झाड’ होता, २००६ च्या वनहक्क कायद्यात ‘गौण वनोपज’. वन विभाग जुन्या शब्दाला धरून बसला. त्यात आणखी एक मेख होती : बांबू गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना, म्हणजे टीपी, लागायचा आणि टीपीचं पुस्तक वन खात्याच्या कपाटात. माल गावाचा, पण गाडी हलवायला शिक्का दुसऱ्याचा. २७ एप्रिल २०११ रोजी जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्या दिवसापासून बांबूचा भाव कोणाशी ठरवायचा, हे गाव ठरवू लागलं. कंपनीला आवर घालण्याचं इतकं साधं हत्यार मी दुसरं पाहिलेलं नाही. गावचे देवाजी तोफा आणि त्यांचे साथी मोहन हिराबाई हिरालाल यांनी त्यासाठी उमेदीची वर्षं घातली. बैठकीत एकाचाही विरोध असला तर विषय पुढं ढकलायचा, मतदानाने उरकायचा नाही, ही मेंढ्याची रीत.

जंगलाचा कारभार हाती आला की माणसं उमेदवारही आपला शोधतात. फेब्रुवारी २०१७ च्या जिल्हा परिषद निवडणुकीत गडचिरोलीच्याच एटापल्ली-भामरागड भागातल्या ग्रामसभांनी पक्षांच्या यादीकडे न बघता आपले उमेदवार उभे केले. सैनू गोटा आणि वकील लालसू नोगोटी निवडून आले. सुरजागडच्या लोहखाणीला विरोध करणाऱ्या गावांचा आवाज पहिल्यांदा थेट सभागृहात पोचला. राजकीय पर्याय वाढतो तो असा. ‘नोटा’ने, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायानेही थोडा वाढला : २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक, असं ठरवलं. लोकसभा-विधानसभेला ही तरतूद नाही. ती असायला हवी.

पण दारं बंदही होतात. मार्च २०२२ मध्ये गडचिरोली जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात सुरजागडचं उत्खनन वर्षाला ३० लाख टनांवरून एक कोटी टनांवर नेण्यासाठी जनसुनावणी झाली. ती खाणीपाशी नाही, शंभराहून अधिक किलोमीटर दूर, गडचिरोलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात. वास्तविक पर्यावरण परिणाम मूल्यांकनाची २००६ ची केंद्रीय अधिसूचना प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या अगदी जवळ सुनावणी घ्यायला सांगते. रोजी बुडवून, गाडीभाडं भरून किती माडिया आदिवासी बाया तिथवर येणार? तिकडं लोकांनी निवडलेली परिषदच नव्हती, आणि इकडं सुनावणीही आवाक्याबाहेर. हे दोन्ही एकाच वर्षी घडलं, याची मला फार चिंता वाटते.

मोहर्लीची अडचण आणखी वेगळी. भद्रावती तालुका पाचव्या अनुसूचीत नाही, त्यामुळे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा इथं लागू नाही. वनहक्क कायदा आहे, आणि ऑगस्ट २००९ च्या केंद्रीय परिपत्रकाने वनजमीन वळती करण्याआधी ग्रामसभेची संमती आवश्यक केली होती. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी केंद्राच्या मंजुरीआधीची ही तपासणी काढली आणि जबाबदारी राज्यावर टाकली. म्हणजे आधी दिल्लीची मंजुरी, मग गावाला विचारणा. हा क्रम उलटा करायला हवा, आणि गावाचा नकार आला तर फाईल तिथंच थांबायला हवी. गेटवर पर्यटकांना वाघ दाखवणारे गाईड इथलेच आहेत. बफरमधल्या कुठल्या नाल्यावर वाघीण पिल्लं घेऊन येते, हे त्यांना पाठ आहे. त्या नाल्यापलीकडे काही खोदायचं ठरलं, तर पहिली फाईल त्यांच्या ग्रामसभेपुढं यायला हवी.