पळस पाहायला जाताना बाळाची सावली सोबत न्या

फाल्गुनात जबलपूरहून बरगी धरणाकडे निघालात, की रानात केशरी पळस फुललेला दिसतो. इथे त्याला टेसू म्हणतात. तान्ह्या बाळाला न्यायला हरकत नाही, पण एक लक्षात घ्या. फुललेल्या पळसाला पानं जवळजवळ नसतातच, म्हणजे सावलीही नसते. फोटोत देखणं दिसणारं हे झाड दुपारी बाळाच्या काही उपयोगाचं नाही. सकाळी लवकर निघा, दहापर्यंत बहर पाहून घ्या आणि चटई आंब्याखाली अंथरा.

बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, तर ‘ऊन आहे, दोन चमचे पाणी पाज’ असं आजी हमखास म्हणतील. गरज नाही. आईचं दूध थोड्या थोड्या वेळाने पाजा, त्यात पुरेसं पाणी असतं. सैल सुती झबलं पुरे. बाबागाडीवर जाड कापड टाकू नका, आत उष्णता कोंडते. मधूनमधून बाळाच्या मानेला हात लावून पाहा. बाळ मरगळलं, दूध घेईना, तर सहल तिथेच थांबवून डॉक्टरांकडे न्या.

रांगतं बाळ पडलेली फुलं थेट तोंडात घालतं, तेवढं सांभाळा. मोठ्यांनी ती खुशाल वेचावीत. रात्रभर पाण्यात भिजवली, की धुळवडीचा रंग तयार!