घरात आभासी चष्मा आणताना

गेल्या दिवाळीच्या आधी पुण्यास नोकरीस असलेल्या आमच्या चिरंजीवांचा फोन आला. बोनसच्या रकमेतून घरासाठी एखादी वस्तू घ्यावी, असा त्यांचा मानस होता. आमच्या सौ.चे मन केव्हापासून नव्या फ्रिजवर होते. चिरंजीवांनी मात्र निराळेच नाव घेतले. ‘‘बाबा, व्हीआर हेडसेट घेऊ या. आजीला घरबसल्या भस्मारती दिसेल आणि मुलांना खेळ होतील.’’

आमच्या आईचे वय ८१. कार्तिक चौकातील घरापासून महाकालाच्या देवळापर्यंत ती वर्षानुवर्षे पायी जात असे. पुढे गुडघे गेले. त्यातच ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘महाकाल लोक’ झाल्यापासून यात्रेकरूंची रीघ इतकी वाढली की तिला देवळाचे दर्शन घडलेले नाही. भस्मारती तर पहाटे चारची; तिची आगाऊ नोंदणी, रात्रीच्या थंडीत रांग. चिरंजीवांच्या बोलण्यातील पहिल्या अर्ध्या भागाने आमच्या मनाची पकड घेतली, हे कबूल केले पाहिजे. तथापि तीस वर्षे सरकारी शाळेत घालविलेल्या माणसास कोणतीही वस्तू तपासल्यावाचून घेववत नाही. इंदूरच्या आमच्या भाच्याकडे असा एक हेडसेट आहे. तो त्याने दिवाळीचे चार दिवस आमच्या घरी ठेवला. त्या दिवसांत जे पाहिले आणि त्यानिमित्ताने जे वाचले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण हा प्रश्न आज आमच्या घरी आला, उद्या आपल्या घरी येईल.

यंत्र नवे असले तरी त्यामागील तत्त्व जुनेच आहे. आपले दोन डोळे एकच वस्तू किंचित निराळ्या कोनांतून पाहतात आणि मेंदू त्या दोन चित्रांवरून अंतर ओळखतो. चार्ल्स व्हीट्स्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये दोन डोळ्यांपुढे दोन वेगळी चित्रे धरून सपाट कागदातून उठाव निर्माण करून दाखविला. आमच्या पिढीतील पुष्कळांनी लहानपणी व्ह्यू-मास्टर हाताळला असेल. त्याच्या चकतीवरील चौदा चिमुकली चित्रे म्हणजे अशाच सात जोड्या. पुढे १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी अमेरिकेत डोक्यावर बसविण्याचे यंत्र केले. मान वळविली की चित्रही वळावे, ही त्यातील मोठी भर. ते इतके जड होते की छतास टांगावे लागे. आजचा अर्धा किलोचा हेडसेट हा त्याचाच वंशज.

पण दृश्ये दाखविण्याची दुसरीही एक परंपरा आहे, आणि ती मराठी माणसाच्या अधिक जवळची आहे. कल्याणचे महादेवराव पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ दाखविण्यास आरंभ केला. काचेवर रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर पाडून ते कथा सांगत आणि सारी सभा एकाच वेळी एकच चित्र पाही. व्हीट्स्टनच्या यंत्रात मात्र एका वेळी एकाच माणसाचे डोळे मावतात. आपल्या क्षिप्राकाठच्या कार्तिक मेळ्यातील बायस्कोप या दोहोंच्या मधला म्हणावा. पोरे भोकांना डोळे लावून बसत. पण गाणे म्हणणारा बायस्कोपवाला बाहेर उभा असे आणि आत कोणते चित्र आले आहे ते त्याला ठाऊक असे. हेडसेट घेण्यापूर्वी विचारावयाचा पहिला प्रश्न आमच्या मते या फरकातूनच निघतो. घरातील एक जण आत गेल्यावर उरलेल्यांनी काय करावयाचे?

हा प्रश्न आम्हांस पुस्तकातून सुचला नाही. नरक चतुर्दशीच्या संध्याकाळी आईला हातांच्या खुर्चीत बसवून भाच्याने तिच्या डोक्यावर यंत्र चढविले आणि सर्व बाजूंनी टिपलेली भस्मारतीची चित्रफीत लावली. महाकाल मंदिराच्या आवारात अशा यंत्रातून भस्मारती दाखविण्याची सोय झाली होती, तेव्हापासून शेजारपाजारी याची चर्चा होतीच. आई प्रथम स्तब्ध बसली, मग तिने हात जोडले. भस्म चढविण्याची वेळ आली तेव्हा तिने सवयीप्रमाणे पदर पुढे ओढला. स्त्रियांनी त्या क्षणी घुंगट घ्यावा हा तेथील नियम. तो तिने घरातही पाळला. पदर यंत्रावरून खाली आला, यंत्राचे बाहेरचे कॅमेरे झाकले गेले आणि चित्र अडखळले. मुले हसली. आईने मात्र मान वळवून मागे पाहिले, पुन्हा पुढे पाहिले आणि विचारले, ‘‘अरे, तुम्ही सगळे कुठे गेलात?’’ आम्ही हातभर अंतरावर होतो. पाचव्या मिनिटास तिने यंत्र काढावयास सांगितले. चक्कर आली नव्हती, डोळे दुखत नव्हते. ‘‘चांगलं आहे,’’ एवढेच म्हणून ती देवघराकडे गेली. चिरंजीवांना फोनवर काय सांगावे, हे आम्हांस त्या रात्री कळेना.

आता थोडे बाजाराविषयी. पहिला प्रकार म्हणजे मोबाईल आत घालावयाचे खोके. गूगलने २०१४ मध्ये पुठ्ठ्याचे असे खोके काढले. आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातही आठवीच्या एका विद्यार्थ्याने दोन भिंगे लावून ते केले होते. जिओने २०२३ मध्ये क्रिकेट पाहण्यासाठी आणलेले ‘जिओडाइव्ह’ १,२९९ रुपयांचे होते. येथे दोन गोष्टी तपासाव्यात. आपला मोबाईल खोक्यात मावतो काय, आणि त्यात जायरोस्कोप हा घटक आहे काय. स्वस्त मोबाईलमध्ये तो पुष्कळदा नसतो, आणि तो नसला की मान वळविल्यावर चित्र नीट वळत नाही. शिवाय हे खोके मान वळलेली ओळखते, पण पाऊल पुढे टाकलेले ओळखत नाही. त्यामुळे खरा खेळ त्यात रंगत नाही. बसून पाहण्यापुरते ते ठीक.

दुसरा प्रकार संगणकास किंवा खेळयंत्रास तारेने जोडावयाचा. सोनीचा २०२३ मधील पीएसव्हीआर-२ हा प्लेस्टेशन-५ सोबत चालतो. घरात ते आधीपासून असेल तरच विचार करावा. ॲपलचे ३,४९९ डॉलरचे यंत्र शिक्षकाच्या घरात चर्चेपुरतेही नको.

तिसरा प्रकार स्वयंपूर्ण: संगणक, पडदे, बॅटरी, सारे डोक्यावरच. भाच्याचे यंत्र या जातीचे, मेटा कंपनीचे क्वेस्ट-३ एस. ते ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेत २९९ डॉलरपासून विक्रीस आले. त्याचे थोरले भावंड क्वेस्ट-३ हे २०२३ चे. त्याची भिंगे अधिक चांगली, म्हणून कडेचा मजकूरही स्पष्ट दिसतो. चाळिशीचा चष्मा लागलेल्यांस हा फरक जाणवतो. मुलांस फारसा जाणवत नाही. दोहोंची बॅटरी साधारण दोन तास पुरते, आणि आमच्या मते हा दोष नसून गुण आहे.

अमेरिकेतील नातेवाइकांकरवी यंत्र मागवावे असा मोह अनेक घरांत होतो. मागवावे, पण बिघडल्यास हमी भारतात चालेल काय, हे आधी लेखी विचारून घ्यावे. जुने यंत्र स्वस्तात मिळत असेल तर कंपनी त्याची अजून निगा राखते काय ते पाहावे. या धंद्यात खोके राहते आणि दुकान उठते. गूगलने ‘डेड्रीम’ २०१९ मध्ये आवरते घेतले. २०१९ च्या पहिल्या क्वेस्टला नव्या सोयी देणे मेटाने २०२३ मध्ये थांबविले.

आणखी एक माप घ्यावयाचे असते, ते म्हणजे दोन बाहुल्यांमधील अंतर. आरशासमोर उभे राहून फूटपट्टीने ते घेता येते. मोठ्या माणसांत ते सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असते. क्वेस्ट-३ एसची भिंगे ५८, ६३ आणि ६८ या तीनच ठिकाणी बसतात. आईचे अंतर ६० भरले, म्हणजे ५८ वर काम भागले. आमच्या थोरल्या बंधूंचा नातू नऊ वर्षांचा. त्याचे भरले ५४.

आणि येथे घरात रडारड झाली. कंपनीच्या नियमाप्रमाणे दहा वर्षांखालील मुलांनी हे यंत्र वापरावयाचे नाही. दहा ते बारा वर्षांच्या मुलांचे खाते पालकांच्या देखरेखीखाली असावे लागते. ‘‘अहो, चार महिन्यांनी दहा लागेलच की!’’ अशी सूनबाईंनी शिफारस केली. बंधूंनीही मान डोलावली. आम्ही नकार दिला. वय चार महिन्यांनी भरेल, बाहुल्यांतील अंतर भरणार नाही. आणि वाढत्या डोळ्यांवर प्रयोग करण्याचा अधिकार काकाआजोबांस नाही. शाळेत कडक म्हणून आमची ख्याती आहेच, ती त्या दिवशी घरातही झाली. पोर गच्चीवर जाऊन बसले ते जेवावयासही खाली येईना.

खेळांच्या निवडीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मळमळ. डोळे सांगतात की आपण धावत आहोत आणि कानातील तोलाचे इंद्रिय सांगते की आपण उभेच आहोत. या भांडणात पोट ढवळते. म्हणून आरंभी असे खेळ घ्यावेत, ज्यांत आपण जागेवर असतो आणि वस्तू आपल्याकडे येतात. ‘बीट सेबर’ मध्ये संगीताच्या ठेक्यावर समोरून येणारे ठोकळे तलवारीने कापावयाचे असतात. आमच्या कन्येने अर्धा तास तो खेळल्यावर तिला घाम फुटला होता. ‘इलेव्हन टेबल टेनिस’ तर इतका हुबेहूब की खेळ संपल्यावर आमच्या भाच्याने नसलेल्या टेबलावर हात टेकण्याचा प्रयत्न केला आणि तो पडता पडता वाचला. शांत वृत्तीच्या माणसांस ‘पझलिंग प्लेसेस’ आवडेल. त्यात खऱ्या स्थळांचे उठावदार तुकडे जुळवून ते स्थळ उभे करावयाचे असते. आमच्या सौ. त्यात अशा रमल्या की लक्ष्मीपूजनाच्या तयारीस उशीर झाला. उंच इमारतीवरील फळीवरून चालविणारा ‘रिचीज प्लँक एक्स्पीरियन्स’ पाहुण्यांची गंमत करण्यास प्रसिद्ध आहे. वृद्धांस तो चुकूनही देऊ नये. गोळीबाराच्या खेळांबद्दल आम्ही उपदेश करीत नाही. प्रत्येक खेळावर वयाची खूण असते, ती पाहावी. फेफऱ्याचा विकार असल्यास किंवा शरीरात पेसमेकर असल्यास डॉक्टरांस विचारल्यावाचून यंत्र डोक्यावर घेऊ नये.

ताऱ्यांचे आकाश दाखविणारे कार्यक्रमही यात आहेत आणि ते सुंदर आहेत. परंतु उज्जैनकरांनी मुलांस आधी वेधशाळेत न्यावे. २१ जूनच्या दुपारी शंकुयंत्राची सावली जवळजवळ नाहीशी होते, ती डोक्यावर ऊन घेऊनच पाहिली पाहिजे.

जागा साधारण साडेसहा फूट लांब आणि तितकीच रुंद लागते. आमच्या बाहेरच्या खोलीतील झोपाळा काढून ठेवावा लागला. फरशीवरची सतरंजी उचलावी, कारण पाय अडकतो. पंखा कितीही उकडत असला तरी बंद ठेवावा. जुन्या घरांची छते बुटकी आणि खेळणाऱ्याचे हात उंच. यंत्र उन्हात, विशेषतः खिडकीत, ठेवू नये. भिंगांतून गेलेले ऊन आतला पडदा जाळते.

पाडव्याच्या दुपारी भाच्याने एक युक्ती केली. यंत्र घालणाऱ्यास जे दिसते ते घरातील टीव्हीवरही दाखविता येते; पहिल्या दिवशी घाईत ते राहून गेले होते. त्याने ‘वाँडर’ नावाचा कार्यक्रम लावला. गूगलच्या मोटारींनी रस्त्यारस्त्यांतून टिपलेली छायाचित्रे त्यात भोवताली उभी राहतात. भारतात ही सोय २०२२ मध्ये ज्या दहा शहरांत प्रथम सुरू झाली, त्यांत नाशिक आहे. आमच्या आईचे माहेर नाशिकचे, पंचवटीतले. मामा गेल्यापासून तेथे जाणे थांबले आहे.

आई नको म्हणत होती. गच्चीवरून एव्हाना खाली आलेल्या पोरास आम्ही टीव्हीपुढे बसविले आणि सांगितले, ‘‘पणजीशी तू बोलत राहा, म्हणजे तिला आपण सगळे इथेच आहोत हे कळेल.’’ रविवार कारंजापासून आरंभ केला. पोर विचारी, ‘‘पणजी, हा पूल कुठला?’’ आई सांगे, ‘‘होळकर पूल. खाली गोदावरी. आपल्या इंदूरच्या होळकरांचंच नाव बरं.’’ मालेगाव स्टँडवर तिला ओळख पटेना. दुकाने सारी बदललेली. मग एक वळण आले आणि ती खुर्चीतून पुढे सरकली. ‘‘डावीकडे घे. अजून थोडं. ह्याच बोळात.’’

बोळाच्या तोंडाशी चित्र थांबले. जेथे मोटार शिरत नाही तेथे गूगलचे छायाचित्रही नाही. भाच्याने दोन-तीन वेळा प्रयत्न करून पाहिला. पोर टीव्हीजवळ जाऊन बोळाच्या काळोख्या तोंडाकडे टक लावून पाहू लागले. ‘‘आत काय आहे, पणजी?’’

आईने यंत्र काढून मांडीवर ठेवले आणि सांगावयास सुरुवात केली. प्रथम दिंडी दरवाजा, मग हौद, हौदाच्या उजवीकडे तिच्या आत्याची खोली. आम्हीही यातील निम्मे प्रथमच ऐकत होतो. भाऊबीजेस यंत्र इंदूरला परत गेले.

रात्री चिरंजीवांना कळविले: स्वस्तातला स्वयंपूर्ण हेडसेट पुरे, थोरला नको, टीव्हीवर चित्र येईल याची खात्री करून घ्यावी, ‘वाँडर’ विकत घ्यावा आणि दोन खेळांहून अधिक एका वेळी घेऊ नयेत. भस्मारतीसाठी मात्र देवदिवाळीनंतर गर्दी कमी असताना रजा काढून यावे. चाकांच्या खुर्चीचे आम्ही पाहतो. फ्रिजचे काय, असे सौ.नी मागून विचारले. तेही कळविले आहे.