परिदंत रोग

दाताला जबड्यात आधार देणारी हिरडी, परिदंत बंध, दाताच्या मुळावरील सिमेंट व दंतकोटराचे हाड या ऊतकांच्या (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांच्या समूहांच्या) शोथजन्य रोगांस ‘परिदंत रोग’ म्हणतात. शोथ (दाहयुक्त सूज) हिरडीपुरताच असेपर्यंत तो पूर्ण बरा होऊ शकतो. तो खोलवर पसरून हाड झिजू लागले म्हणजे त्यास परिदंतशोथ म्हणतात. व्यवहारात तो ‘पायोरिया’ या नावाने परिचित आहे. त्यात झालेली हानी सहसा आपोआप भरून येत नाही. रोगाचा आरंभ जंतूंमुळे होत असला, तरी ऊतकांचा बराचसा नाश शरीराच्या संरक्षक प्रतिक्रियेमुळेच होतो, हे या रोगाचे वैशिष्ट्य होय.

जंतुथर : दातांवरील पांढुरक्या थरात असंख्य सूक्ष्मजीव असतात, हे आंतॉन व्हान लेव्हेनहूक यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीस १६८३ मध्ये लिहिलेल्या पत्रात नमूद केले होते. या थराचा हिरडीशोथाशी असलेला कार्यकारणसंबंध हाराल्ड लो व त्यांचे सहकारी यांनी डेन्मार्कमध्ये केलेल्या व १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने सिद्ध झाला. निरोगी हिरड्यांच्या १२ व्यक्तींनी दात स्वच्छ करणे थांबविल्यावर सुमारे १० ते २१ दिवसांत सर्वांना हिरडीशोथ झाला. स्वच्छता पुन्हा सुरू करताच सुमारे आठवड्याभरात तो नाहीसा झाला.

जंतू व हिरडीतील कोशिका : दात व हिरडी यांमध्ये निरोगी अवस्थेत सुमारे १ ते ३ मिमी. खोल खाच असते. तिच्या तळाशी असलेल्या अधिस्तराच्या (पृष्ठभागावरील कोशिकांच्या आवरणाच्या) कोशिका दाताला चिकटलेल्या असून त्यांची जोडणी सैल असते. त्यांमधून श्वेत कोशिका सतत खाचेत येत असतात. अधिस्तर हा केवळ पडदा नसून पहारेकरीही आहे. जंतूंच्या कवचातील द्रव्ये त्यातील कोशिकांच्या ग्राही प्रथिनांना भिडताच या कोशिका रासायनिक संदेश सोडतात व त्यामुळे अधिक श्वेत कोशिका तेथे आकर्षिल्या जातात.

पॉर्फिरोमोनस जिंजिव्हॅलिस हा ऑक्सिजनविरहित जागी वाढणारा जंतू या पहाऱ्यातून निसटतो. आपल्या पृष्ठभागावरील बारीक तंतूंच्या साहाय्याने तो अधिस्तराच्या कोशिकांना चिकटतो, त्यांच्या आत शिरतो व त्यांना न मारता तेथे टिकून राहतो. श्वेत कोशिकांना बोलाविणारा एक महत्त्वाचा संदेशही तो दाबून टाकतो. त्याची प्रथिन-विघटक एंझाइमे कोशिकांमधील जोड तोडतात व संरक्षक प्रथिने निकामी करतात. उंदरांवरील २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हा जंतू अल्पसंख्य असूनही त्याने तोंडातील इतर जंतूंची रचना बदलली व हाड झिजले. पूर्णपणे जंतुविरहित वाढविलेल्या उंदरांत मात्र तो एकटा असताना हाड झिजले नाही. यावरून हा रोग एका जंतूचा नसून जंतुसमूहाचा आहे, असे दिसते. टॅनेरेला फॉर्सिथिया व ट्रेपोनेमा डेंटिकोला हे जंतूही खोल खाचांत त्याच्यासमवेत आढळतात.

ऊतकनाश : शोथ दीर्घकाळ टिकल्यास श्वेत कोशिका व हिरडीतील तंतुजनक कोशिका यांनी स्रवलेली एंझाइमे परिदंत बंधातील कोलॅजेन तंतू विरघळवितात. सायटोकाइने व प्रोस्टाग्लँडिने ही द्रव्ये अस्थिभंजक कोशिकांना उत्तेजित करतात व हाड झिजते. शोथामुळे खाचेत पाझरणारा द्रव व रक्त यांतून जंतूंना प्रथिने व लोह मिळते. अशा प्रकारे शोथ जंतूंना पोसतो व जंतू शोथ वाढवितात. खाच खोल होत जाऊन अखेरीस दात हलू लागतो.

पूरक कारणे व उपचार : धूम्रपान व अनियंत्रित मधुमेह यांमुळे रोग बळावतो. धूम्रपान करणाऱ्यांत हिरडीतून रक्त कमी येत असल्याने रोग लपून राहतो. महाराष्ट्रात प्रचलित असलेली मिश्री (तंबाखू भाजून केलेली पूड) दात स्वच्छ करण्यासाठी वापरली जात असली, तरी ती हिरड्यांना अपायकारकच आहे.

जंतुथरातील जंतूंवर औषधांचा परिणाम कमी होत असल्याने केवळ प्रतिजैविके घेऊन भागत नाही. दातांवरील व हिरडीखालील थर आणि कीटण दंतवैद्याकडून खरवडून काढणे हा मुख्य उपचार होय. दात घासताना रक्त येणे हे बहुधा रोगाचे पहिले लक्षण असते. अशा वेळी घासणे थांबविल्यास थर वाढून रोग बळावतो. या अवस्थेत उपचार झाल्यास दातांचा आधार शाबूत राहतो.