सूरजकुंडचा हस्तकला मेळा : बेताच्या खर्चात

जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकमेकांवर पसरून त्यांवर धावदोरा घालीत गोधडी शिवण्याची रीत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. हीच कला बंगालमध्ये कांथा, बिहारमध्ये सुजनी, राजस्थान व कच्छमध्ये रल्ली आणि कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या स्त्रियांच्या हाती कवंदी या नावाने नांदते. देशभरच्या अशा कलाकुसरीचे दर्शन एकाच आवारात घडविणारे एक प्रमुख ठिकाण म्हणजे हरियाणातील सूरजकुंडचा मेळा. दिल्लीकडचा प्रवास म्हणजे मोठा खर्च, या समजुतीने मध्यम उत्पन्नाची कुटुंबे तिकडे सहसा वळत नाहीत. परंतु काटकसर कोठे करावी आणि कोठे करू नये, हे आधी ठरविल्यास ही सहल अनेकांच्या आवाक्यात येऊ शकते.

मेळ्याची परंपरा

दिल्लीच्या दक्षिण सीमेलगत, फरीदाबाद जिल्ह्यात, दगडी पायऱ्यांचे एक प्राचीन कुंड आहे. दहाव्या शतकात तोमर राजा सूरजपाल याने ते बांधविले, असे मानले जाते. या कुंडाच्या परिसरात १९८७ साली हस्तकला मेळ्यास प्रारंभ झाला. २०१३ पासून त्याला आंतरराष्ट्रीय स्वरूप देण्यात आले. मेळ्यात एखाद्या राज्याला विशेष स्थान देण्याची प्रथा असून २०१४ मध्ये गोव्याला, तर २०१९ मध्ये महाराष्ट्राला हा मान मिळाला होता. कारागीर स्वतः आपल्या वस्तूंसह झोपडीवजा दालनांत बसतात, हे या मेळ्याचे वैशिष्ट्य होय.

प्रवास व मुक्काम

मेळा साधारणपणे फेब्रुवारीत भरतो. तथापि, २०२१ मध्ये महासाथीमुळे तो भरला नाही आणि २०२२ मध्ये मार्च-एप्रिलमध्ये भरला. म्हणून तारखा निश्चित झाल्याची खात्री करूनच आरक्षण करावे. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण प्रवासापूर्वी ६० दिवस खुले होते. फेब्रुवारीच्या प्रवासासाठी डिसेंबरातच सिद्ध असावे लागते, ते यामुळेच. शयनयान वर्गाचे तिकीट वेळेवर मिळाले, तर खर्चाचा मोठा भाग तेथेच वाचतो.

महाराष्ट्रातून जाणाऱ्या अनेक गाड्या हजरत निजामुद्दीन स्थानकापर्यंत जातात. तेथून सराय काले खान मेट्रो स्थानक जवळच आहे. गुलाबी मार्गाने लाजपत नगरला जावे व तेथे जांभळ्या मार्गाची गाडी घेऊन बदरपूर बॉर्डर स्थानकावर उतरावे. पुढचे थोडे अंतर रिक्षाने पार करता येते. मुक्काम मेळ्याच्या अगदी जवळच करण्याचा आग्रह न धरता मेट्रोच्या मार्गावरील धर्मशाळा अथवा साधे निवासस्थान निवडल्यास भाडे कमी पडते. उत्तरेकडील फेब्रुवारीतील पहाटे व रात्री थंड असतात. यासाठी ऊबदार कपडे घरूनच न्यावेत.

अलीकडच्या वर्षांत प्रवेशशुल्क शनिवार-रविवारपेक्षा इतर दिवशी कमी ठेवण्यात आले आहे. त्या दिवशी गर्दीही बेताची असते आणि कारागिराशी निवांतपणे बोलता येते. पाण्याची बाटली व कोरडा फराळ जवळ असावा. खाद्यपदार्थांच्या दालनांत एखादा नवा प्रांतीय पदार्थ जरूर चाखावा, परंतु दोन्ही वेळचे जेवण तेथेच घेण्याची गरज नाही.

घासाघिशीचा हिशेब

प्रवास, मुक्काम आणि भोजन यांत काटकसर अवश्य करावी. कारागिराच्या मोबदल्यात मात्र ती करताना विचार करावा. समजा, एक गोधडी शिवण्यास १५ दिवस लागले, दोरा व कापड यांसाठी ३०० रुपये खर्च झाले आणि तिची किंमत १,५०० रुपये ठेवली. साहित्याचा खर्च वजा जाता १,२०० रुपये, म्हणजे दिवसाला ८० रुपये हाती येतात. ग्राहकाने ३०० रुपये कमी करून घेतले, तर किंमत एक-पंचमांशाने उतरते. शिवणाऱ्या स्त्रीची रोजची मिळकत मात्र ६० रुपयांवर, म्हणजे एक-चतुर्थांशाने खाली येते. तिच्या प्रवासाचा व राहण्याचा खर्च यात धरलेलाच नाही. घासाघिशीत ग्राहकाला जे किरकोळ वाटते, ते कारागिराच्या घरी किरकोळ नसते.

पैसे मर्यादित असतील, तर मोठ्या रजईऐवजी उशीचा अभ्रा, बटवा किंवा बाळाचे छोटे दुपटे घ्यावे. दहा स्वस्त वस्तूंपेक्षा हाताने शिवलेली एक वस्तू अधिक काळ टिकते आणि तिचे मोलही योग्य हाती पडते.

पारख कशी करावी

खऱ्या मालाचे पैसे द्यावयाचे, तर माल खरा आहे की नाही हे ओळखता आले पाहिजे. त्यासाठी वस्तू प्रथम उलटून पाहावी. धावदोऱ्यात टाक्यांमध्ये बारीक अंतर राहते व टाक्यांची लांबी किंचित कमी-अधिक असते. यंत्राच्या शिलाईची रेघ दोन्ही बाजूंनी सलग व एकसारखी दिसते. काही ठिकाणी टाक्यांचे चित्रच कापडावर छापलेले असते. बोट फिरविताच ते लक्षात येते. पांढरा ओला रुमाल कोपऱ्यावर घासून रंग सुटतो का, हेही पाहावे.

प्रत्येक प्रांताची खूण निराळी आहे. सुजनीत आकृतीची कड साखळी टाक्याने आखून आतील भाग धावदोऱ्याने भरतात. रल्लीत रंगीत तुकड्यांची जोडणी असते. कवंदी कडेकडून मध्याकडे शिवीत नेतात आणि तिच्या कोपऱ्यांवर घड्यांची फुले लावतात. जयपुरी रजई पिंजलेल्या कापसाने भरलेली असल्याने वजनाला हलकी असते. सुजनीला २००६ मध्ये, तर बंगालच्या नक्षी कांथाला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. हे सर्व प्रकार दरवर्षी मेळ्यात असतीलच असे नाही. म्हणून एकदा संपूर्ण फेरी मारून नंतरच खरेदी करावी. विक्रेता स्वतः कारागीर आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा. विकास आयुक्त (हस्तशिल्प) कार्यालयाकडून कारागिरांना ओळखपत्र दिले जाते, ते पाहता येते. वस्तू कोणी शिवली, किती दिवस लागले, हे विचारले की खरा कारागीर आनंदाने सांगू लागतो.

घरोघरी रंगीबेरंगी यंत्रनिर्मित पांघरुणे आल्यापासून गोधडीचा टाका अनेक घरांतून नाहीसा होत चालला आहे. जेथे त्याला योग्य दाम मिळतो, तेथे मुली तो आईकडून शिकतात आणि जेथे मिळत नाही, तेथे सुई खाली ठेवली जाते. मेळ्याला जाणाऱ्या सामान्य ग्राहकाच्या हाती म्हणूनच मोठी शक्ती आहे. बेताच्या खर्चात केलेल्या या सहलीतून त्याच्या घरी एक पांघरूण येईल आणि दूरच्या एखाद्या गावात पुढच्या पांघरुणाचा पहिला टाका पडेल.