घरबसल्या गिटार (भाग ९) : ट्यूनर खरा की कान?

या आठवड्यात एफ कॉर्ड घेणार होतो; ती पुढच्या खेपेला. कल्याणच्या एका ताईंच्या पत्राला आधी उत्तर द्यायला हवं. त्या बरीच वर्षं शास्त्रीय गाणं शिकल्या आहेत आणि आता वर्गणी भरून गिटारचे ऑनलाइन धडे घेत आहेत. त्या विचारतात, ‘सहाही तारांना ट्यूनर हिरवा दिवा दाखवतो, पण ई मेजर छेडला की तिसऱ्या तारेवरचा स्वर चढा लागतो. ऐकायचं कुणाचं?’

ताई, तुमचा कान पक्का आहे आणि ट्यूनरही चुकत नाही. ई मेजरमध्ये तिसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर जी शार्प वाजतो. ई हा सा धरला तर तो शुद्ध गंधार. नीट जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपोआप ऐकू येतो, त्यावर तुमचा कान घडला आहे. त्याची कंपनं सा च्या सव्वापट असतात. गिटारचा गंधार १.२६ पट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या हिश्शाने चढा.

हे गिटारवरच पडताळता येतं. सगळ्यांत जाड तारेला चौथ्या फ्रेटच्या चार-पाच मिलिमीटर अलीकडे, डोक्याच्या बाजूला, बोट नुसतं टेकवा, दाबू नका. तार छेडून लगेच बोट उचला. घंटेसारखा बारीक स्वर येईल. तो तानपुऱ्यातलाच गंधार, सुमारे ४१२ हर्ट्झ. तो घुमत असतानाच सगळ्यांत बारीक तार चौथ्या फ्रेटवर नेहमीसारखी दाबून वाजवा. हा ४१५ हर्ट्झ. दोन्ही एकत्र वाजताना सेकंदाला साधारण तीन हेलकावे ऐकू येतील. ताईंना खटकतो तो हाच फरक.

मग फ्रेट थोडे सरकवून का बसवत नाहीत? कारण एकच फ्रेट सहाही तारांखालून सरळ जातो. एका तारेचा गंधार सुधारायला तो हलवला की शेजारच्या तारांचे स्वर बिघडतात. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, म्हणून वादक ते रागाप्रमाणे सरकवतो. ल्यूटवाल्यांनाही हा पेच फार पूर्वी पडला होता. गॅलिलिओचे वडील व्हिन्सेन्झो गॅलिली स्वतः ल्यूट वाजवायचे. त्यांनी १५८१ साली लिहून ठेवलं, की प्रत्येक फ्रेट उरलेल्या तारेच्या अठराव्या भागावर बसवावा. आज तो आकडा १७.८१७ धरतात. अठरा धरून ते त्याच्या किती जवळ पोहोचले होते पाहा! अशाने बारा अर्धस्वर सारखे होतात आणि कुठल्याही पट्टीत वाजवता येतं. त्याची किंमत गंधाराला मोजावी लागते.

आता मोह होईल, की जी ची तार किंचित उतरवून ई मेजर गोड करून घ्यावा. करू नका. जी मेजरमध्ये तीच मोकळी तार सा असते आणि सी मेजरमध्ये पंचम. ते दोन्ही उतरतील, आणि उतरलेला सा तर तुम्हाला मुळीच सोसवणार नाही.

चढेपणाचं आणखी एक कारण असू शकतं, आणि ते मात्र दुरुस्त होतं. नवशिका तार गरजेपेक्षा जोरात दाबतो. तार ताणली जाते, स्वर चढतो. जी ची मोकळी तार जुळवा, मग पहिला फ्रेट दाबून ट्यूनरकडे पाहा. काटा जी शार्पच्या पुढे जात असेल तर दाब कमी करत न्या. बोट फ्रेटला अगदी खेटून ठेवलं की थोड्या दाबातही स्वर स्वच्छ येतो. तरीही काटा पुढेच राहिला तर नटच्या खाचा उथळ असतील. त्या दुरुस्ती करणाऱ्याकडून खोल करून घ्या.

वर्गात गुरुजी गिटार हातात घेतात, चटकन जुळवतात आणि परत देतात. ऑनलाइन शिकणाऱ्याला ती सोय नाही, आणि मला त्यात फायदाच दिसतो. पहिल्या दिवसापासून जुळवणी त्याच्याच कानावर असते. म्हणून सगळ्यांनीच हा आठवडा असा घालवा: ट्यूनरवर फक्त जाड ई जुळवा, बाकीच्या तारा पाचव्या फ्रेटवरून कानाने लावा (जी वरून बी लावताना चौथा फ्रेट), आणि मग ट्यूनरने तपासा. सोबत पहिल्या फ्रेटवरचा दाबही रोज पाहत चला. एफमध्ये त्याच फ्रेटवर सहाही तारा एका बोटाखाली धरायच्या आहेत. आज एका तारेवर जास्त पडणारा जोर तिथे सहापट बोचेल.