शिकलेली अरबी पदवीत कशी मोजतात?



आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांतली माणसं आखातात कामाला आहेत. काही जणी मुलाबाळांना घेऊन तिथं राहतात आणि काही वर्षांनी गावी परततात. दुबईच्या खाजगी शाळांत अरब नसलेल्या मुलांनाही अरबी शिकावीच लागते. अशी एक मुलगी आमच्या गटातल्या ताईंच्या घरी परत आली. तिची आई म्हणाली, "इतकी वर्षं अरबी शिकलीय, ते कॉलेजात धरतील ना?" त्याचंच उत्तर आज सांगतो.

आधी क्रेडिट म्हणजे काय ते बघू. साधारण 30 तासांच्या अभ्यासाला एक क्रेडिट, असा आपल्या देशातला हिशोब आहे. तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 क्रेडिट लागतात. आधीच्या शिक्षणाचे काही क्रेडिट धरले गेले, तर तेवढे विषय पुन्हा करावे लागत नाहीत. वेळ वाचतो, फीही वाचते.

हे क्रेडिट जमा ठेवायला 2021 पासून ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे. डिजिलॉकरवरून मुलीचं खातं उघडता येतं. पण आपल्या बचत गटात जसं सभासद स्वतःच्या पासबुकात स्वतः आकडा लिहीत नाही, तसंच इथंही आहे. क्रेडिट फक्त नोंदणी झालेलं कॉलेज किंवा विद्यापीठच जमा करतं. आपण दाखला नेऊन भरायची सोय नाही.

म्हणून तीन गोष्टी वेगळ्या समजून घ्या.

पहिली, शाळेत शिकलेली अरबी. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर अरबी असली, तरी ते शालेय गुण असतात, कॉलेजचे क्रेडिट नव्हेत. पण ती गुणपत्रिका दाखवून, कॉलेजात अरबी शिकवत असतील तर, "मुलीला सुरुवातीच्या वर्गाऐवजी वरच्या वर्गात बसवाल का?" असं विचारता येतं.

दुसरी, परदेशातल्या कॉलेजात किंवा विद्यापीठात शिकलेली अरबी. ती संस्था मान्यताप्राप्त असेल, तर तिथली गुणपत्रिका आणि अभ्यासक्रम पाहून इथलं विद्यापीठ निर्णय घेतं. किती तास शिकवलं आणि परीक्षा कशी झाली, हे कागदावर दिसलं पाहिजे.

तिसरी, घरी, बाजारात किंवा कामावर शिकलेली अरबी. अमेरिकेतली अनेक कॉलेजं अशा भाषेची परीक्षा घेऊन क्रेडिट देतात. परीक्षक फोनवर किंवा समोरासमोर बोलून पातळी ठरवतात, काही ठिकाणी लेखनही तपासतात. मुलगी कुठं शिकली हे विचारत नाहीत, काय येतं ते बघतात. आपल्याकडे 2023 च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात पूर्वीचं शिक्षण मोजायचं तत्त्व मान्य झालंय, पण प्रत्येक कॉलेजात तशी परीक्षा होतेच असं नाही. विचारल्याशिवाय गृहीत धरू नका.

परीक्षेआधी आणखी एक लक्षात ठेवा. बाजारात बोलतात ती अरबी आणि पुस्तकात, बातम्यांत असते ती अरबी यांत बराच फरक आहे. फडाफडा बोलणारी मुलगी लेखी परीक्षेत अडखळू शकते. कुराण सुरेख वाचणाऱ्या मुलीला साधं संभाषण जमेलच असंही नाही. परीक्षा कसली आहे ते विचारून तयारी करून घ्या.

आता काय करायचं? परदेश सोडण्यापूर्वीच शाळा-कॉलेजातून गुणपत्रिका, अभ्यासक्रम आणि तासांचा दाखला सही-शिक्क्यानिशी घ्या. एकदा देश सुटला की एका कागदासाठी महिनोन्‌महिने फेऱ्या होतात. कागद अरबीत असेल तर अधिकृत भाषांतरही करून ठेवा. मग प्रवेशाची फी भरण्याआधी कॉलेजला लेखी अर्ज द्या: किती क्रेडिट धराल, कोणत्या विषयाऐवजी धराल? उत्तरही लेखीच मागा.

ताईंनी प्रवेश आधी घेतला आणि विचारलं नंतर. तोवर मुलगी अलिफ, बा पासून पुन्हा शिकायला बसली होती. तुमच्या गावात आखातातून परतणारं कुटुंब असेल, तर येत्या बैठकीत त्यांना हे जरूर सांगा.